एकाच रांगेतले दोन गाळे, कमाई मात्र वेगळी: ओळखी, उधारी आणि बाजारातलं उत्पन्न

तुमचा प्रश्न असा आहे की एकाच बाजारात, एकाच रांगेत बसणारे दोन विक्रेते, माल जवळपास सारखा, अनुभव सारखा, जागाही सारखीच, तरी एकाची कमाई दुसऱ्याच्या दीडपट दुप्पट का असते, आणि हा फरक 'सामाजिक भांडवला'मुळे म्हणजे ओळखी, विश्वास, एकमेकांना धरून असण्यामुळे पडतो असं सर्व्हे करून दाखवता येईल का. मी बरीच वर्षं बाजारातल्या छोट्या विक्रेत्यांच्या बचत-कर्जाच्या कामात आहे, हा विषय माझ्या रोजच्या कामाचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरळ उत्तर म्हणजे हो, फरक पडतो आणि चांगलाच पडतो. पण तो ओळखी किती आहेत यावर ठरत नाही, ओळख कुणाशी आहे आणि तिच्यातून नेमकं काय येतं-जातं यावर ठरतो. काही ओळखी कमाई वाढवतात, काही पडत्या काळात धंदा जिवंत ठेवतात आणि काही सरळ कमाई खातात. बहुतेक सर्व्हेत या तिन्ही एकत्र मिसळून एकच स्कोअर काढतात आणि मग निष्कर्ष येतो की 'सामाजिक भांडवलाचा उत्पन्नावर सकारात्मक परिणाम होतो', ज्याचा विक्रेत्याला काडीचा उपयोग नाही.

थिअरीवर फार वेळ घालवत नाही. सामाजिक भांडवलावर लिहिणारे बूर्द्यू, कोलमन, पुटनम हे अभ्यासक तुम्हाला माहीत असणारच. पण कोलमनच्या १९८८ च्या लेखात कैरोच्या खान अल खलिली बाजाराचं उदाहरण आहे ते जरूर वाचा, कारण पूर्ण विषय त्यात येतो. चामड्याच्या दुकानदाराला विचारलं की दागिने कुठे मिळतील, तर एकतर तो स्वतःच विकत असतो नाहीतर लगेच तुम्हाला त्याच्या जवळच्या माणसाच्या दुकानात घेऊन जातो, पैसे बदलून हवे असतील तर दोन दुकानं सोडून बसलेल्याकडून तेही करून देतो. यातल्या काही कामांचं कमिशन मिळतं आणि काहींची नुसती देणेदारी राहते, आज मी तुझं केलं, उद्या तू माझं कर. ही न लिहिलेली देणेदारी कुठल्याही हिशोबाच्या वहीत नसते पण गल्ल्यात तिचा परिणाम रोज दिसतो.

आता सगळ्यात मोठ्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे माल उधार मिळणं. माझ्या मते दोन शेजारी गाळ्यांच्या कमाईतला सगळ्यात मोठा फरक इथे असतो, आणि लोक मात्र तो गिऱ्हाइकात शोधत बसतात. हिशोब करून बघा. समजा १०० चा माल घेतला आणि दिवसाअखेर त्याचे ११५ झाले, म्हणजे १५ सुटले. हे १०० जर रोजाच्या व्याजाने ५ टक्क्यांवर आणलेले असतील तर ५ सावकाराला गेले, हातात राहिले १०. शेजारच्या बाईला तोच माल होलसेलरने 'संध्याकाळी पैसे दे' म्हणून दिला असेल तर तिचे १५ चे १५ तिच्याकडे. विक्री तीच, गिऱ्हाईक तेच, मेहनत तीच आणि कमाई दीडपट. आणि ५ टक्के रोज हा मी मनाने घेतलेला आकडा नाहीये, चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातल्या विक्रेत्यांचा अभ्यास आनंत, कार्लन आणि मुल्लैनाथन यांनी केला होता त्यात रोजचा दर जवळपास ५ टक्केच निघाला होता, आणि लोक असं कर्ज वर्षानुवर्षं घेत होते.

पुढे कार्लन, मुल्लैनाथन आणि रॉथ यांनी भारत आणि फिलिपाईन्समध्ये तीन ठिकाणी असा प्रयोग केला की विक्रेत्यांचं सावकाराचं कर्ज सरळ फेडूनच टाकलं. बहुतेक जण सहा आठवड्यांच्या आत परत कर्जात गेले. लोक यावरून म्हणतात की यांना शिस्त नाही. मला ते पटत नाही, आणि हे मी माझ्या कामातल्या अनुभवावरून म्हणते आहे, त्या अभ्यासाने हे सिद्ध केलंय असा दावा नाही. कर्ज फेडलं तरी त्या बाईला वाईट दिवशी ज्याच्याकडे हात पसरता येईल तो माणूस तोच राहिला ना. पोरगं आजारी पडलं, माल खराब झाला, पाऊस लागून गिऱ्हाईकच आलं नाही, की पुन्हा तिच्यासाठी एकच दार उघडं. जिचा होलसेलर 'राहू दे, परवा दे' म्हणतो तिला हे दार ठोठवायची वेळच येत नाही.

आणि होलसेलरशी नातं म्हणजे फक्त उधारी नव्हे. चांगला माल आधी कुणासाठी बाजूला काढून ठेवला जातो, टंचाई असेल त्या दिवशी थोडा का होईना माल कुणाला मिळतो, न विकलेला माल परत कोण घेतं, वजनात कोण गडबड करत नाही, हे सगळं त्यातच आलं. टंचाईचा दिवस फार महत्त्वाचा आहे बरं का, कारण त्याच दिवशी भाव चढलेला असतो आणि ज्याच्याकडे माल असतो तो एका दिवसात आठवड्याची कसर भरून काढतो. फ्रान्समधल्या मार्सेच्या मासळी बाजारात अर्थतज्ज्ञ ॲलन किर्मन आणि सहकाऱ्यांनी व्यवहारांच्या नोंदी तपासल्या, तिथे भावाचे बोर्ड लावलेले नव्हते, प्रत्येक सौदा दोघांतच ठरायचा, आणि तरीही बरेच खरेदीदार रोज फिरून भाव काढण्याऐवजी एकाच विक्रेत्याला धरून होते. बाहेरच्या माणसाला वाटतं हा वेडेपणा आहे, चार ठिकाणी विचारलं तर स्वस्त नाही का मिळणार. मिळेलही एखाद दिवशी. पण माल नक्की मिळणं याची वेगळी किंमत असते.

मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झने मोरोक्कोतल्या सेफ्रूच्या बाजारावर १९७८ मध्ये जे लिहिलं ते पण हेच, की अशा बाजारात माहितीच सगळ्यात दुर्मिळ असते, कुठला माल कसा, खरा भाव काय, कोण फसवेल, कोण नाही, म्हणून लोक एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा व्यवहार करून स्वतःचा शोधायचा त्रास कमी करतात.

माहितीवरून केनियातला एक अभ्यास सांगते, माझ्या मते तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा पुरावा हाच आहे. नैरोबीच्या दांडोरा भागात छोटा धंदा करणाऱ्या बायकांचे गट केले, काहींना वर्गात बसवून रीतसर ट्रेनिंग दिलं आणि काहींना त्याच भागातल्या अनुभवी, चांगला धंदा करणाऱ्या बाईशी जोडून दिलं, बास एवढंच. ब्रूक्स, डोनोव्हन आणि जॉन्सन यांनी २०१८ मध्ये हे छापलं. वर्गातल्या ट्रेनिंगचा नफ्यावर काही परिणाम दिसला नाही, अनुभवी बाईशी जोडलेल्यांचा नफा मात्र सरासरी २० टक्क्यांनी वाढला. का वाढला? मुख्य म्हणजे स्वस्त माल कुठे मिळतो असली अगदी तिथली माहिती मिळाली म्हणून. आणि यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे जशा त्या जोड्यांच्या भेटीगाठी थांबत गेल्या तसा फायदाही विरत गेला. म्हणजे ही माहिती एकदा मिळाली आणि संपलं असं नसतं, सप्लायर बदलतात, भाव बदलतात, त्यामुळे बातमी रोज ताजी लागते आणि ताजी बातमी चालू असलेल्या नात्यातूनच येते. ट्रेनिंग प्रोग्रामवर खर्च करणाऱ्या प्रत्येकाने हे भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

यात मोबाईलने थोडा फरक केलाय हे मान्य. रॉबर्ट जेन्सनचा केरळच्या मच्छीमारांवरचा २००७ चा अभ्यास बघा, मोबाईल आल्यावर वेगवेगळ्या बंदरांमधल्या भावातली तफावत कमी झाली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि ग्राहकाला भाव ४ टक्के कमी पडला. म्हणजे जी बातमी आधी ओळखीवरच मिळायची ती सगळ्यांना मिळायला लागली. पण फोनवर भाव कळतो, त्याने माल उधार मिळत नाही. म्हणून माझा अंदाज असा की नुसत्या भावाच्या बातमीसाठी ठेवलेल्या ओळखींची किंमत कमी होत जाईल आणि पत देणाऱ्या ओळखींची तशीच राहील.

गिऱ्हाइकाबद्दल थोडक्यात. नेहमीचं गिऱ्हाईक असलं की विक्रीचा अंदाज येतो, माल मोजून आणता येतो, उरतं कमी आणि घासाघिशीत वेळ जात नाही, हा खरा फायदा. पण नेहमीचं गिऱ्हाईक उधारीही मागतं. मग विक्रेता होलसेलरकडून एका दिवसाची उधारी घेतो आणि गिऱ्हाइकाला महिन्याची देतो, मधला सगळा काळ त्याच्या खिशातून. गाळ्यावर गर्दी दिसते, सगळे नावाने ओळखतात, आणि आठवड्याच्या शेवटी रोख नसते. असे खूप 'लोकप्रिय' विक्रेते मी कर्जाच्या रांगेत पाहिलेत. म्हणून ओळखीच्या गिऱ्हाइकांची संख्या विचारताना येणं किती बाकी आहे हेही विचाराच.

शेजारी विक्रेते म्हणजे स्पर्धक, असं पुस्तकात असतं. बाजारात शेजारी म्हणजे तुम्ही दवाखान्यात गेलात तर गाळा सांभाळणारा, सुट्टे देणारा, माल संपला तर स्वतःचा काढून देणारा, आणि त्याच्याकडे नसलेल्या वस्तूसाठी गिऱ्हाईक तुमच्याकडे धाडणारा माणूस. याचा कमाईवरचा परिणाम गाळा किती तास उघडा राहतो यात मोजता येतो, आणि एकटीने गाळा चालवणाऱ्या, लहान मूल असलेल्या बाईसाठी हा परिणाम फार मोठा असतो. काही जण लगेच म्हणतात की विक्रेत्यांची दोस्ती म्हणजे संगनमत करून भाव चढवणं. मादागास्करमधल्या शेतमाल व्यापाऱ्यांवर मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी जो अभ्यास केला, २००२ मध्ये छापला, त्यात संगनमताचा पुरावा सापडला नाही. उलट इतर व्यापाऱ्यांशी ज्यांचे चांगले संबंध होते त्यांची विक्री आणि धंद्यातली कमाई बरीच जास्त निघाली, भांडवल, मनुष्यबळ, शिक्षण वगैरे सगळं धरूनसुद्धा, कारण त्यांचा माल शोधायचा, तपासायचा, वसुलीच्या मागे फिरायचा खर्च वाचत होता. त्यांच्याच आधीच्या एका पाहणीत व्यापाऱ्यांनी स्वतःच सांगितलं होतं की धंद्यात यश यायला संबंध हे भाव, कर्ज किंवा साधनसामग्रीपेक्षा जास्त महत्त्वाचे.

पण त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली, ती फारसं कुणी सांगत नाही. कौटुंबिक नात्यांचा असा फायदा दिसला नाही, काही ठिकाणी तर परिणाम उलटा होता. मला यात काही आश्चर्य वाटलं नाही कारण बाजारात हे रोज दिसतं. नातेवाइकाला माल उधार दिला की मागता येत नाही, गाळ्यावर भाच्याला बसवलं की काढता येत नाही, आणि धंदा बरा चाललाय हे दिसलं की लग्न, फी, दवाखाना, घराची डागडुजी, सगळं त्या एका गल्ल्याकडे बघायला लागतं. कॅमेरूनमध्ये बालाँ, गिर्किंजर आणि माली यांनी एका पतसंस्थेत पाहिलं की खात्यात स्वतःची बचत शिल्लक असतानाही लोक कर्ज काढतात, व्याज भरतात, आणि हे कशासाठी तर नातेवाइकांना दाखवायला की बघा आमच्याकडेच काही नाही. केनियात जाकिएला आणि ओझियर यांनी प्रयोग केला त्यात बायका आपली मिळकत नातेवाइकांना दिसू नये म्हणून कमी फायद्याचा पर्याय निवडायला तयार होत्या. नैरोबीच्या किबेरा वस्तीत बायका भिशी लावतात त्याचं एक कारण अँडरसन आणि बालाँ यांनी २००२ मध्ये हेच दाखवलं की घरात पैसा राहिला तर नवऱ्याच्या हाती जातो, भिशीत गेला की वाचतो. म्हणजे एका प्रकारचं नातं दुसऱ्या प्रकारच्या नात्यापासून पैसा वाचवायला वापरलं जातं आहे, आणि दोन्ही तुमच्या प्रश्नावलीत 'सामाजिक भांडवल' याच रकान्यात पडणार.

म्हणून नातेवाईक तोडा असं मी चुकूनही म्हणत नाही. मोठं आजारपण आलं, गाळ्याला आग लागली, तर पहिला पैसा तिथूनच येतो, होलसेलर फार तर एक-दोन वेळा थांबतो. नात्यांचा फायदा महिन्याच्या सरासरी उत्पन्नात दिसतच नाही, संकटानंतर तो विक्रेता सहा महिन्यांनी पुन्हा गाळ्यावर आहे की नाही यात दिसतो. तुम्ही एकदाच जाऊन सर्व्हे करणार असाल तर हा भाग तुम्हाला दिसणार नाही आणि नात्यांचा फक्त खर्चच दिसेल, हे लक्षात ठेवा.

अजून एक बाजू आहे ती बाहेर ठेवल्या गेलेल्यांची. समाजशास्त्रज्ञ अलेहांद्रो पोर्तेस यांनी १९९८ मध्ये सामाजिक भांडवलाचे तोटे मांडले त्यात पहिलाच हा की आतल्यांना जे घट्ट धरून ठेवतं तेच बाहेरच्यांना आत येऊ देत नाही. नवीन माणूस, दुसऱ्या समाजाचा, दुसऱ्या भाषेचा, किंवा नवरा गेल्यावर गाळा हातात घेतलेली बाई, यांना होलसेलर रोख मागतो, चांगल्या कोपऱ्यातली जागा मिळत नाही, संघटनेच्या बैठकीचा निरोप येत नाही. त्यांची कमाई कमी असते आणि ती कौशल्य कमी म्हणून नसते. बायकांच्या बाबतीत तर मी नेहमी बघते, गिऱ्हाइकांशी आणि शेजारणींशी संबंध भरपूर, पण जिथे माल आणि पत मिळते तिथे, म्हणजे पहाटेच्या होलसेलच्या बाजारात, ओळख जवळपास शून्य, कारण त्या वेळेला घर सोडता येत नाही, माल कुणीतरी मधला माणूस आणून देतो आणि त्याचं मार्जिन तो घेतो. इथे उपाय होऊ शकतो हे दाखवणारा एक चांगला प्रयोग अहमदाबादला सेवा बँकेच्या, म्हणजे कष्टकरी बायकांच्या सहकारी बँकेच्या, खातेदार बायकांबरोबर झाला (फील्ड, जयचंद्रन, पांडे, रिगोल, २०१६). धंद्याच्या ट्रेनिंगला काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रीण घेऊन या म्हटलं. मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी पुढे जास्त कर्ज घेतलं, धंदा वाढवला, घरचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं.

संघटनेबद्दल दोन वाक्यं. रोजच्या कमाईवर तिचा परिणाम कमी, पण जागावाटप, बाजार हलवणं, पाणी-दिवे-पहारा यात तिचं वजन सगळ्यांत जास्त. बाजार नवीन इमारतीत हलवताना चिठ्ठ्या टाकून गाळे वाटले की न्याय झाला असं अधिकाऱ्यांना वाटतं, पण त्यात वर्षानुवर्षांचे शेजार मोडतात, नेहमीच्या गिऱ्हाइकाला गाळा सापडत नाही, आणि विक्री पडते ती नुसती जागेमुळे पडली असं रिपोर्टात लिहिलं जातं. शेजारी गटाने अर्ज करू दिले आणि गटाची चिठ्ठी काढली तर न्यायही राहतो आणि शेजारही.

आता तुमच्या सर्व्हेचं. 'तुमचा इतरांवर किती विश्वास आहे, १ ते ५ मध्ये सांगा' असले प्रश्न आणि उत्पन्न यांचा संबंध काढू नका, प्लीज. ज्याचा धंदा चांगला चाललाय तो खुशच असतो, विश्वासावर ४ किंवा ५ च देणार, आणि ज्याची कमाई जास्त त्याच्याभोवती माणसं आपोआप जमतात. आधी काय आणि नंतर काय हे त्यातून कळणारच नाही. ओळखींमुळेच धंदा वाढतो का हे बघायचं तर चीनमध्ये झाला तसा प्रयोग करावा लागतो, तिथे जिंग त्साय आणि ॲडम साइडल या अर्थतज्ज्ञांनी नानचांगमधल्या हजारो तरुण कंपन्यांमधून चिठ्ठ्या टाकून काहींचे छोटे गट केले, मालकांना वर्षभर दर महिन्याला भेटवलं, आणि गटातल्यांची विक्री ८.१ टक्क्यांनी वाढली. त्या कंपन्या होत्या, गाळे नव्हते, त्यामुळे तोच आकडा बाजाराला लावू नका, पण दिशा नक्की कळते.

तुम्हाला प्रयोग जमणार नसेल तर निदान मत विचारण्याऐवजी घडलेलं विचारा. शेवटचा माल कुणाकडून घेतला, रोख की उधार, किती दिवसांची, उधारीच्या मालाला भाव जास्त लावला का (हे हमखास विचारा, बऱ्याच ठिकाणी व्याज भावातच घातलेलं असतं). आजचा भाव गाळा उघडायच्या आधी कुणाकडून कळला. गेल्या वेळी आजारी पडलात तेव्हा गाळ्यावर कोण बसलं. गेल्या महिन्यात गल्ल्यातून कुणाकुणाला पैसे दिले आणि त्यातले परत यायचे किती. नवीन सप्लायर कसा मिळाला आणि तेव्हा विक्री किती होती, म्हणजे ओळख आधी की वाढ आधी हे थोडंतरी उलगडेल. उत्तरं आली की होलसेलर, शेजारी, गिऱ्हाईक आणि घरचे असे चार वेगळे रकाने ठेवा, कुठल्याही परिस्थितीत त्यांची बेरीज करू नका. उत्पन्नही एका दिवसाचं घेऊ नका, मंदीचा आठवडा आणि तेजीचा आठवडा वेगळा घ्या, कारण पत असलेल्या आणि नसलेल्यातला फरक मंदीत आणि टंचाईत आणखी मोठा होतो, साध्या दिवशी व्याज सोडलं तर दोघांचे गल्ले बऱ्यापैकी सारखे दिसतील.

आणि गाळ्यावर जे बसलेले आहेत फक्त त्यांनाच विचारून परत येऊ नका. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी धंदा बंद केला त्यांचे पत्ते शेजाऱ्यांकडून मिळतात, त्यातल्या काहींना तरी गाठा आणि त्यांना विचारा की शेवटच्या महिन्यात माल कोण देत होतं आणि त्याने उधारी कधी बंद केली.